रोबोटने ऑपरेशन करायचं, पण पैसे कोण भरणार? सोलापूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

सोलापूर शहर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा आणि शेजारच्या धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर भागातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न पेशंटचे आणि नातेवाइकांचे आहेत. १३ व्या प्रश्नापासून पुढचे बरेचसे रुग्णालय समित्या, देणगीदार आणि लोकप्रतिनिधींचे आहेत. जिथे रुपयांचा आकडा फक्त हिशेब समजावा म्हणून धरला आहे, तिथे तसे लिहिले आहे.

१. रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का? डॉक्टर नुसते बाजूला बसतात का?

रोबोट स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या खुर्ची-पडद्याशी बसतो. त्याच्या दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसतात, म्हणून त्याला पोटातली खोली कळते. बोटांत धरलेली पकड तो जशी हलवेल तशी आतली उपकरणे हलतात. हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकते. हात तीन सेंटीमीटर सरकला तर आतली कात्री एकच सेंटीमीटर सरकावी, असे प्रमाणही लावता येते. टेबलाशी दुसरा सर्जन आणि नर्स सतत उभे असतात: उपकरण बदलणे, रक्त ओढून घेणे, सुई आत देणे हे त्यांचे काम. म्हणून ‘सर्जन कोण’ याबरोबर ‘टेबलाशी कोण’ हेही विचारा.

२. मग दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा यात वेगळं काय?

पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड तोच, भूल तीच, छिद्रेही साधारण तेवढीच. फरक आहे मनगटाचा. दुर्बिणीची उपकरणे सरळ काडीसारखी असतात. रोबोटच्या उपकरणाला टोकाशी सांधा असतो, त्यामुळे अरुंद जागेत सुई वळवता येते. ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या कपारीत टाके घालायचे असतील तर हा सांधा खरोखर उपयोगी पडतो. पोटात जिथे भरपूर जागा असते तिथे त्याचा फारसा फायदा नाही. रोबोटची तुलना मोठी चीर घेऊन केलेल्या ऑपरेशनशी करून दाखवतात, तेव्हा मनात दुर्बिणीचा तिसरा पर्याय ठेवा. कमी वेदना, लवकर सुट्टी हे जे फायदे सांगतात, त्यातले बहुतेक लहान छिद्रांचे आहेत, आणि ते दुर्बिणीनेही मिळतात.

३. माझ्या आजाराला रोबोट खरंच लागतो का?

‘लागतो’ म्हणावे असे आजार थोडे आहेत. ‘उपयोगी पडतो’ असे काही आहेत, आणि ‘काही फरक पडत नाही’ असे पुष्कळ आहेत.

कॅन्सर झालेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) काढणे, हे रोबोटचे सर्वांत रुळलेले काम. रक्तस्राव कमी होतो, सुट्टी लवकर मिळते. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत उघड्या आणि रोबोटिक शस्त्रक्रियेनंतर १२ आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत फरक दिसला नाही. सर्जनचा हात किती सरावलेला आहे यावर तिथे जास्त अवलंबून असते.

मूत्रपिंडातली छोटी गाठ काढून बाकीचे मूत्रपिंड वाचवायचे असेल तर रोबोटचा फायदा समजण्यासारखा आहे, कारण रक्तपुरवठा थांबवलेला असताना झटपट टाके घालायचे असतात.

मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत ब्रिटनमधल्या ३३८ पेशंटच्या चाचणीत (२०२२) रोबोटचे पेशंट पहिल्या ९० दिवसांत साधारण ८२ दिवस रुग्णालयाबाहेर राहिले, उघड्या शस्त्रक्रियेचे ८०. फायदा खरा आहे, पण तो दोन दिवसांचा आहे.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ४७१ पेशंटच्या चाचणीत (२०१७) दुर्बीण सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण १२.२ टक्के आणि रोबोट सोडावा लागण्याचे ८.१ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही.

पित्ताशय, अपेंडिक्स, साधा हर्निया यांसाठी कुणी रोबोट सुचवला आणि त्यासाठी दागिने गहाण ठेवायची वेळ येत असेल, तर थांबा. दुर्बिणीचे ऑपरेशन सोलापुरातच होते आणि चांगले होते.

४. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. रोबोटने केलं तर बरं ना?

इथे उत्तर उलटे आहे, आणि ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचायला हवे. २०१८ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कॅन्सरवर मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. छिद्रांतून (दुर्बीण किंवा रोबोट) शस्त्रक्रिया झालेल्या बायकांपैकी साडेचार वर्षांनी ८६ टक्के कॅन्सरमुक्त होत्या, पोट उघडून झालेल्यांपैकी ९६.५ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ९३.८ आणि ९९ टक्के होते. म्हणून या आजारात मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडणे हीच प्रमाण पद्धत मानली जाते. स्वस्त पर्यायच इथे चांगला आहे.

गल्लत होते ती नावांची. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर वेगळा, त्यात छिद्रांतून शस्त्रक्रिया मान्य आहे. गाठींसाठी गर्भपिशवी काढणे तर आणखी वेगळे. बायोप्सीच्या कागदावर ‘सर्व्हिक्स’ (गर्भाशयाचे तोंड) आहे की ‘एंडोमेट्रियम’ (आतले अस्तर), एवढा एक शब्द वाचून घ्या.

हा आजार आपल्या भागाला परका नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. त्याच रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर तपासणीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले: एचपीव्हीची (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) एकच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जिल्ह्यात आरोग्याचा पैसा कुठे आधी घालायचा, हे ठरवताना बार्शीचा हा दाखला टेबलावर असायलाच हवा.

५. गुडघ्याच्या ‘रोबोटिक’ ऑपरेशनचे बोर्ड दिसतात. तो हाच रोबोट का?

नाही. गुडघ्याचा रोबोट हाड किती अंशात आणि किती जाडीचे कापायचे हे मोजतो आणि करवत ठरलेल्या मर्यादेत ठेवतो. काही यंत्रांना आधी सीटी स्कॅन लागतो, त्याचा खर्च वेगळा. हाडाची मोजणी अचूक होते. पण चालणे, वेदना आणि सांधा किती वर्षे टिकतो यांत साध्या पद्धतीपेक्षा मोठा फरक पडेल, असे गृहीत धरू नका.

पैशांची मेख इथे आहे: ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याचा दर ५४,७२० रुपये अधिक कर असा ठरला. मर्यादा सांध्याला आहे, रोबोटच्या वापराला नाही. म्हणून बिलात सांध्याची आणि रोबोटची रक्कम वेगवेगळी लिहून मागा.

६. महात्मा फुले योजनेत रोबोटिक ऑपरेशन बसतं का?

आजार बसतो की नाही हे आधी पाहा, यंत्र नंतर. योजनेची पॅकेजेस शस्त्रक्रियेच्या नावाने ठरलेली असतात. तुमच्या पॅकेजच्या नावात ‘रोबोटिक’ हा शब्द नसेल, तर रोबोट वापरला म्हणून रुग्णालयाला योजनेकडून जास्त पैसे मिळत नाहीत. त्यामुळे बहुतेक रुग्णालये योजनेच्या पेशंटला दुर्बिणीने किंवा पोट उघडून शस्त्रक्रिया देतात, आणि प्रश्न ३ वाचला असेल तर लक्षात येईल की बऱ्याच आजारांत त्याने नुकसान होत नाही.

योजना सोलापूरला नवी नाही. जुलै २०१२ मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ म्हणून ती ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होते. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत वाढले आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही दार उघडले.

क्रम असा ठेवा. रेशनकार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (तिथल्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी जा. पॅकेजचे नाव आणि कोड लिहून घ्या. ते पॅकेज फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे का, विचारा, कारण काही आहेत. पूर्वमंजुरी आल्याशिवाय पैसे भरू नका, कारण आधी भरलेले परत मिळवताना दमछाक होते. पॅकेजमध्ये औषधे, साहित्य, जेवण, परतीचे साधे प्रवासभाडे आणि सुट्टीनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी धरलेली असते.

७. ‘ऑपरेशन योजनेतून, फक्त रोबोटचे दीड लाख वेगळे भरा’ असं सांगितलं. चालतं का?

चालत नाही. योजना कॅशलेस आहे. त्याच ऑपरेशनसाठी योजनेचेही पैसे घ्यायचे आणि पेशंटकडूनही वरचे घ्यायचे, याला जागा नाही. तोंडी वाद घालू नका. मागितलेली रक्कम कागदावर मागा. द्यायला नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे पद लिहून ठेवा, मग आरोग्यमित्र, जिल्हा समन्वयक आणि १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. आयुष्मान भारतची हेल्पलाइन १४५५५ आहे.

अपवाद एकच: योजना पूर्ण सोडून, सगळा खर्च स्वतः करून रोबोट घ्यायचे ठरवले तर तो तुमचा निर्णय. पण मग ‘योजनेचा लाभ नको’ अशा कागदावर सही मागतात. ती सही घाईत करू नका, आणि घरातल्या निदान एका शिकलेल्या माणसाला कागद वाचायला द्या. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्या भाषेत समजावून सांगायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

८. मेडिक्लेम आहे. कंपनी रोबोटला नाही म्हणू शकते का?

सरसकट नाही म्हणू शकत नाही. विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये १२ आधुनिक उपचारांची यादी दिली, रोबोटिक शस्त्रक्रिया त्यात आहे. कंपनीने ते वगळायचे नाहीत. पण रकमेवर उपमर्यादा लावता येते, आणि फसगत तिथेच होते. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे: ५ लाखांची पॉलिसी असेल तर रोबोटिकसाठी अडीच लाखच. बाकीच्या पॉलिसींत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ नावाचा तक्ता शोधा.

पूर्वमंजुरीच्या अर्जात डॉक्टरांनी ‘रोबोट का’ याचे वैद्यकीय कारण दोन ओळींत लिहिलेले असावे. नुसते ‘रोबोटिक सर्जरी’ लिहिले तर कंपनी दुर्बिणीच्या दराएवढेच मंजूर करते आणि उरलेले डिस्चार्जच्या दिवशी तुमच्यासमोर येते. ड्रेप (रोबोटचे हात झाकणारे प्लास्टिक), छिद्रांचे सील अशा गोष्टी ‘नॉन-मेडिकल’ म्हणून कापल्या तर कपातीचे कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज. त्याला फी नाही आणि वकील लागत नाही.

९. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, ईएसआय कापतात. उपयोग होईल का?

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि वर्गणी नियमित भरली असेल तर उपचार ईएसआयचा. पण वाट ठरलेली आहे: आधी दवाखाना, मग कामगार विमा रुग्णालय, आणि तिथून रेफरल घेऊन करार असलेले मोठे रुग्णालय. रेफरल न घेता थेट पुण्याला जाऊन बिल आणले तर ते अडकते. रेफरलच्या कागदावर शस्त्रक्रियेचे नाव नेमके असावे. ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिले तर तिथे नव्याने मंजुरीसाठी थांबावे लागते.

१०. योजनेत बसत नाही, विमाही नाही. धर्मादाय रुग्णालय किंवा मुख्यमंत्री निधीतून काही?

धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर उपचार मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर निम्म्या दरात. औषधे आणि साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायचे असते, छापील किमतीने नव्हे. रोबोटिक साहित्यात या दोन किमतींतला फरक मोठा असतो, म्हणून हा मुद्दा धरून ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखल होण्याआधी काढा.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, निदानाचे कागद आणि खर्चाचे अंदाजपत्रक लागते. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही लागते. रुग्णालय निधीच्या यादीत आहे का, हे आधी बघा. मदत एकूण खर्चाचा एक भाग असते, म्हणून अंदाजपत्रकात रोबोट घालून रक्कम फुगवली तर मदत तेवढीच राहते आणि खड्डा मोठा होतो.

११. बिलात ‘रोबोटिक इन्स्ट्रुमेंट’चे दीड लाख लावलेत. उपकरण आमच्यासाठी नवीन फोडलं का?

बहुधा नाही, आणि नवीन फोडायची गरजही नाही. रोबोटची कात्री, चिमटा, सुई धरायची पकड ही उपकरणे ठरावीक वेळा वापरण्यासाठीच बनवलेली असतात. दा विंची या सर्वांत रुळलेल्या रोबोटच्या उपकरणांना बरीच वर्षे साधारण १० वापरांची मर्यादा होती, पुढे कंपनीने अनेकांची वाढवली. उपकरणातल्या चिपवर उरलेले वापर मोजले जातात आणि ते संपले की यंत्र ते उपकरण घेतच नाही. म्हणजे दीड लाखाचे उपकरण १० वेळा वापरायचे असेल तर एका पेशंटच्या वाट्याला १५,००० येतात (आकडे हिशेबासाठी). बिलावर ‘पूर्ण किंमत की वापरानुसार वाटा’ हे विचारा. हात झाकणारे प्लास्टिकचे ड्रेप आणि छिद्रांचे सील मात्र दर पेशंटला नवेच लागतात.

१२. पुण्या-मुंबईला जाऊन रोबोटिक करण्यात अर्थ आहे का?

शस्त्रक्रियेचा खर्च विचारताना फेऱ्यांचा खर्च लोक विसरतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी साधारण एक ते दोन आठवडे राहते. म्हणजे एकतर तिथेच खोली घेऊन राहायचे, नाहीतर नळी घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने परत यायचे आणि काढायला पुन्हा जायचे. नळी सोलापुरात काढता येते, मूत्ररोगतज्ज्ञाशी आधी बोलून ठेवले तर. जाण्यापूर्वीच तिथल्या सर्जनकडून इथल्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी घ्या: नळी कधी काढायची, ताप आला तर काय, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) कधी.

सरकारी संस्थांतही रोबोट आहेत, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि दिल्लीचे एम्स ही त्यातली ठळक नावे. तिथे दर कमी, पण थांबावे लागते. कॅन्सर असेल तर ‘रोबोटसाठी किती आठवडे थांबलो तर चालेल’ हा प्रश्न कॅन्सरच्या डॉक्टरलाच विचारा.

१३. इंग्लंडमध्ये सरकारच रोबोटिक फुकट देतं म्हणे. आपल्याकडे का नाही?

तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, करातून चालते, पेशंटला बिल येत नाही. पण तिथेही यंत्र मागेल त्या रुग्णालयाला मिळत नाही. नाइस ही तिथली संस्था उपचाराचा फायदा आणि खर्च तोलते. प्रोस्टेटसाठी २०१४ मध्येच तिने म्हटले होते की वर्षाला किमान १५० रोबोटिक प्रोस्टेट शस्त्रक्रिया होतील अशाच केंद्रांत यंत्र ठेवावे. एप्रिल २०२५ मध्ये तिने ११ यंत्रणांना (पाच पोटाच्या वगैरे शस्त्रक्रियांच्या, सहा हाडांच्या) तीन वर्षे वापरायला हिरवा कंदील दिला, त्या काळात पुरावा गोळा करायच्या अटीवर. एनएचएस इंग्लंडचा अंदाज आहे की २०२३-२४ मधल्या ७०,००० वरून २०३५ पर्यंत वर्षाला ५ लाख शस्त्रक्रिया रोबोटने होतील.

आपल्याकडे आरोग्य हा राज्याचा विषय, यंत्रखरेदी एका खात्याची, आणि पेशंटमागे पैसा येतो तो योजनेच्या पॅकेजमधून. तिन्ही हिशेब वेगळे राहिले की यंत्र येते आणि चालवायला पैसा नसतो. इंग्लंडकडून पहिली घ्यायची गोष्ट म्हणजे ती १५० ची अट.

१४. सरकारी रुग्णालयात रोबोट चालवायला वर्षाला किती खर्च येईल?

हिशेबासाठी धरू: यंत्र १० कोटींचे, आयुष्य १० वर्षे, म्हणजे वर्षाला १ कोटी. सर्वसमावेशक देखभाल करार वर्षाला ६० लाख. एकही पेशंट न घेता वर्षाला १ कोटी ६० लाख गेले.

वर्षाला ३०० शस्त्रक्रिया झाल्या (आठवड्याला सहा) तर प्रत्येकीवर ५३,३३३ रुपये बसतात. १५० झाल्या तर १,०६,६६७. ५० च झाल्या तर ३,२०,०००. यावर चार उपकरणांच्या वापराचे ६०,००० आणि ड्रेप-सीलचे २०,००० धरले तर एका शस्त्रक्रियेचा फक्त रोबोटचा खर्च अनुक्रमे १,३३,३३३, १,८६,६६७ आणि ४,००,००० होतो. भूल, औषधे, खाट यात नाही.

म्हणून एकट्या मूत्ररोग विभागासाठी यंत्र घेणे अवघड. मूत्ररोग, स्त्रीरोग, सामान्य शस्त्रक्रिया आणि कॅन्सर यांनी आठवड्याचे वार वाटून घ्यायला हवेत, आणि ती वाटणी खरेदीआधी लेखी हवी. भारतात बनलेली एसएसआय मंत्रा यंत्रणा २०२२ पासून मंजूर आहे आणि आयात यंत्रांपेक्षा स्वस्त आहे. वरच्या हिशेबात पहिला आकडा त्याने उतरतो. उपकरणांचा आकडा मात्र वेगळा विचारून घ्यावाच लागतो.

१५. एखाद्या कंपनीने सीएसआरमधून रोबोट दिला तर प्रश्नच मिटला ना?

वरच्या हिशेबातला १ कोटी मिटला. ६० लाख आणि दर पेशंटचे ८०,००० राहिलेच. देणगीत मिळालेल्या यंत्राच्या देखभालीला लेखाशीर्ष नसते, वॉरंटी संपते, पहिला बिघाड होतो आणि यंत्रावर कापड पडते. देणगीदारांना कळकळीची विनंती: यंत्राबरोबर निदान पाच वर्षांचा देखभाल करार आणि पहिल्या ३०० पेशंटचे साहित्य द्या. तेवढे जमत नसेल तर चांगले दुर्बीण संच, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचे यंत्र) आणि भूल यंत्रे द्या. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जिल्ह्याबाहेरचेही पेशंट येतात. त्यांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू कोणती, हे तिथल्या विभागप्रमुखांना विचारून ठरवा.

१६. टेंडरमध्ये नेमकं काय लिहायचं? कुठे चुकतं?

सर्वांत मोठी चूक: फक्त यंत्राची किंमत लावून सर्वांत कमी बोली निवडणे. यंत्र स्वस्त देऊन उपकरणे महाग लावता येतात, आणि उपकरणे त्याच कंपनीची लागतात. बोली तोलताना यंत्र, वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांचा देखभाल करार आणि ठरलेल्या, समजा १,००० शस्त्रक्रियांचे साहित्य यांची एकत्र बेरीज धरा. उपकरणाचा दर ‘प्रति नग’ मागू नका, ‘प्रति वापर’ मागा, आणि तो पाच वर्षे बांधून घ्या.

यंत्र वर्षातून ९५ टक्के दिवस चालू राहील ही हमी आणि न राहिल्यास दंड, दोन्ही लिहा. अभियंता किती तासांत येईल हे सोलापूर धरून लिहा. पुण्याहून गाडीने यायलाच चार-पाच तास लागतात. सिम्युलेटर, किती सर्जन आणि किती नर्सचे प्रशिक्षण, सॉफ्टवेअरचे पुढचे बदल, हे ‘समाविष्ट’ म्हणून लिहिले नाही तर ते वेगळ्या बिलाने येते.

जागा: ६०० चौरस फुटांच्या आसपास थिएटर सोयीचे. मोठ्या यंत्रांची पेशंटजवळची, हात बसवलेली गाडी एकटीच आठशे किलोच्या घरात असते, म्हणून लिफ्ट, दार आणि जमिनीची ताकद आधी तपासा. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा वातानुकूलनाला दुसरा आधार हवा.

पाणी: हा मुद्दा कुणाच्या यादीत नसतो. उपकरणाच्या आतल्या बारीक नळीत रक्त सुकले की ते निघत नाही. वापरल्याबरोबर नळीतून पाणी सोडणे, ब्रश, अल्ट्रासोनिक स्वच्छता, शेवटी पुन्हा शुद्ध पाणी आणि मग वाफेचे निर्जंतुकीकरण, असा क्रम आहे. बोअरचे क्षाराचे पाणी वापरले तर पांढरा थर बसतो, तारा घट्ट होतात आणि १० वापरांचे उपकरण सहाव्या वापरालाच बाद होते. निर्जंतुकीकरण विभागाला स्वतंत्र आरओ आणि पुरेशी टाकी, कारण शहरात नळाला रोज पाणी येत नाही.

१७. ऑपरेशन चालू असताना लाइट गेली किंवा यंत्र बंद पडलं तर?

थिएटर यूपीएसवर आणि जनरेटरवर असते, यंत्राच्या गाडीलाही काही मिनिटांची बॅटरी असते. तरीही यंत्र अडलेच तर उपकरणाची पकड हाताने सोडवायची किल्ली असते. ती थिएटरमध्ये कुठे टांगली आहे हे प्रत्येक नर्सला माहीत हवे. रोबोटचे हात बाजूला करून पोट उघडण्याचा सराव टीमने घड्याळ लावून करावा, आणि पोट उघडायचे साहित्य दर वेळी मांडलेले असावे. उपकरणे आत असताना साधे टेबल हलवायचे नाही आणि पेशंट हलता कामा नये, म्हणून भूलतज्ज्ञाचे काम इथे जास्त अवघड असते. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत डोके २५-३० अंश खाली ठेवतात. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा.

१८. सर्जनला रोबोट येतो हे कसं ओळखायचं? आणि बदली झाली तर?

प्रमाणपत्र हे दार आहे. क्रम असा असतो: ऑनलाइन अभ्यास, सिम्युलेटर, प्रत्यक्ष यंत्रावर सराव, अनुभवी सर्जनचे काम पाहणे, मग अनुभवी सर्जन शेजारी असताना पहिल्या केसेस, आणि त्यानंतर एकट्याने. पेशंटने तीन प्रश्न विचारावेत: हेच ऑपरेशन रोबोटने तुम्ही किती केलेत, गेल्या वर्षात किती, आणि पोट उघडायची वेळ किती वेळा आली. चांगला सर्जन आकडे सांगतो.

सरकारी रुग्णालयात खरी अडचण बदलीची. एक सर्जन शिकवायचा आणि दोन वर्षांत तो दुसऱ्या जिल्ह्यात, तिथे रोबोट नाही. इथे रोबोट आहे, सर्जन नाही. उपाय: प्रत्येक विभागातले निदान दोन सर्जन आणि चार नर्स शिकवणे, आणि प्रशिक्षणाबरोबर ठरावीक वर्षांची नेमणूक बांधणे. नर्सची बदली लोक विसरतात. मांडणी तीच करते, आणि नवी नर्स आली की रोबोटचे हात पेशंटशी जोडायला लागणारा वेळ पुन्हा १० मिनिटांवरून ४० वर जातो.

१९. दिल्लीतला सर्जन दिल्लीत बसून सोलापूरच्या पेशंटचं ऑपरेशन करेल का?

तंत्राने शक्य आहे, आणि हे तंत्र काही आजचे नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधल्या सर्जनने फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या बाईचे पित्ताशय काढले होते. पण पेशंटजवळ यंत्र, भूलतज्ज्ञ आणि पोट उघडू शकणारा सर्जन लागतोच. प्रश्न १४ चा खर्च तसाच राहतो, वर भरवशाची लाइन लागते. जिल्ह्याला जास्त उपयोग आहे तो अनुभवी सर्जनने दुरून स्क्रीनवर पाहून नव्या सर्जनला मार्गदर्शन करण्याचा.

२०. रोबोटने सुरू केलं, मध्येच पोट उघडावं लागलं. रोबोटचे पैसे द्यायचे का?

पोट उघडणे हा बहुतेक वेळा सुरक्षिततेसाठी घेतलेला योग्य निर्णय असतो, त्यासाठी डॉक्टरला दोष देऊ नका. पैशांचे मात्र आधी ठरवा. फोडलेले ड्रेप-सील आणि वापरलेल्या उपकरणांचा वाटा (प्रश्न ११) घेणे रास्त आहे. रोबोटचे पूर्ण पॅकेज आणि वर पोट उघडण्याचे वेगळे पॅकेज, अशी दोन्ही लावली तर हरकत घ्या. विमा असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाला सुधारित मंजुरी मागायला लावा, कारण मंजुरी ‘रोबोटिक’ची आणि डिस्चार्ज कार्डवर ‘ओपन’ असे आले तर दावा अडतो. योजनेतही पॅकेजचा कोड बदलू शकतो, आरोग्यमित्राला कळवा.

संमतिपत्रावर सही करताना त्यातच एक ओळ हाताने लिहून घ्या: ‘रोबोट सोडावा लागल्यास आकारणी अमुक रकमेपर्यंत’. खाली डॉक्टरची सही, तारीख, आणि एक झेरॉक्स तुमच्या पिशवीत.